बिशप, मोहरी आणि ऑपेरातल्या नर्तकी: हा जोक कुणी उलगडेल का?

शाईचा_डाग:
जुन्या इंग्रजी व्यंगचित्रांचे स्कॅन चाळत होतो, त्यात आयझॅक क्रुकशँकचं १७९८ चं एक सापडलं. लंडनच्या ऑपेरातल्या नर्तकी, त्यांच्यावर खवळलेला बिशप, आणि नावात चक्क ‘डरहमची मोहरी’ आणि ‘इटालियन केपर्स’. मोहरीचा काय संबंध? डोक्यावरून गेलं राव.

रद्दीवाला:
अरे तो डरहमचा बिशप, शूट बॅरिंग्टन. २ मार्च १७९८ ला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये चर्चा होती घटस्फोटाच्या बिलाची आणि हे महाशय घसरले ऑपेरावर, म्हणे फ्रेंचांना लढाईत जमेना म्हणून ते आपली नीतिमत्ता बिघडवायला नाचणाऱ्या बायका पाठवतायत. फ्रान्सशी १७९३ पासून युद्ध चालूच होतं, त्यामुळे तोकडा झगासुद्धा शत्रूचं हत्यार झाला 😄 आता मोहरी. डरहमची मोहरीपूड तेव्हा फेमस, आणि ‘केपर्स’ म्हणजे लोणच्यात मुरवतात त्या कळ्याही आणि टणाटण उड्याही. म्हणजे बिशपची मोहरी इटालियन उड्यांना झेपली नाही, असा तो शब्दांचा खेळ.

दुपारचा_चहा:
त्याच काळातल्या व्यंगचित्रकार गिलरेचं बघितलंस का, याच भाषणावरचं? भाषणाला दोन आठवडेही झाले नव्हते, १४ मार्चला प्रिंट बाजारात. नावाचा अर्थ साधारण ‘ऑपेरातली सुधारणा, अर्थात बिशप-स्टाइल डान्स’. पाय तसेच वर, फक्त लाज झाकायला बिशपछाप कापड. खऱ्या स्टेजवरही कातडीच्या रंगाचे मोजे जाऊन पांढरे आले म्हणे, झाली सुधारणा!

रद्दीवाला:
माझं फेवरिट रिचर्ड न्यूटनचं. बिशप मंडळी टेप घेऊन पोरींच्या झग्यांची उंची मोजतायत, अगदी मन लावून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. न्यूटन त्याच वर्षी गेला, जेमतेम एकविशीत.

खडूस_काकू:
हसा हसा. पण या चित्रकारांनीच १७९६ मध्ये पारिझो नावाच्या नर्तकीचा वर गेलेला पाय रंगवून विकला होता ना? बिशपने नाकाने कांदे सोलले, यांनी तोच पाय परत दुकानाच्या खिडकीत टांगला. त्या बाईला कुणी विचारलं का?

शाईचा_डाग:
काकू 🙏 मी पण ते पायवालं चित्रच आधी झूम केलं होतं, खोटं कशाला बोलू.