टेनिस सोडलं तर?

दहावीतल्या लेकीने टेनिस सोडलं तर आयव्ही लीगचं, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या अमेरिकेतल्या आठ नामांकित विद्यापीठांचं, दार बंद होईल का, असं तुम्ही विचारलंय. शाळेच्या टीममध्ये असणं वेगळं आणि कॉलेजच्या कोचने रिक्रूट करणं, म्हणजे आपल्या टीमसाठी आधीच हेरून ठेवणं, वेगळं. आपण देशी पालक नेमकी इथेच गल्लत करतो. हार्वर्डच्या प्रवेशांवरचा २०१८ चा खटला आठवा. रिक्रूट केलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता, हे त्यात बाहेर आलं. एकूण अर्जदारांत हाच आकडा तेव्हा सहा टक्क्यांच्या आसपास! पण ती मुलं कोचच्या यादीतली. बाकीच्यांसाठी व्हार्सिटी टेनिस, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमकडून खेळणं, हे कॉमन ॲपमधल्या (कॉलेज प्रवेशाचा सामाईक अर्ज) उपक्रमांच्या दहा रकान्यांपैकी एक, डिबेट किंवा ऑर्केस्ट्रासारखाच. एमआयटीत तर कोच फक्त शिफारस करू शकतो.

आणि आयव्हीत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, हे फेन्सिंगच्या क्लासवर हजारो डॉलर ओतणाऱ्यांना कुणीतरी सांगा हो.

आमचा मुलगा क्रॉस कंट्रीत कधी पहिल्या दहात आला नाही, तरी बारावीपर्यंत पळला. पळून आला की घरात जरा माणसात असायचा, म्हणून आम्हीही काही बोललो नाही. तुमची लेक कंटाळून सोडतेय की कोचशी पटत नाही म्हणून?