अमेरिकी मुलींची घसरण: फक्त पैशाचं कारण पुरत नाही

फिगर स्केटिंगच्या महिला एकेरीत अमेरिकी मुली मागे का पडल्या, यावर एक मत असं, की 'स्केटिंग महागलं, मुली जिम्नॅस्टिक्सकडे वळल्या'. ते मला अर्धंच पटतं. खेळ महाग आहेच. बर्फाचं भाडं, कोच, बूट, सगळंच. पण त्याच अमेरिकेत २०१० मध्ये इव्हान लायसाचेकने आणि २०२२ मध्ये नेथन चेनने पुरुष एकेरीत ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, आइस डान्समध्येही (बर्फावरचं जोडीनृत्य) २०१४ ला सुवर्ण आलं. महागाई काय फक्त मुलींच्याच वाट्याला आली?

माझ्या मते मोठं कारण गुणपद्धतीचं. २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिम्पिकमधल्या पंचांच्या घोटाळ्यानंतर सहापैकी गुण देण्याची जुनी ६.० पद्धत गेली आणि प्रत्येक उडीचा वेगळा हिशोब सुरू झाला. गिरकी पाव फेरीने अपुरी राहिली तरी रिप्लेमध्ये पकडली जाते. अमेरिकेच्या मिशेल क्वानच्या काळात नजाकत आणि नाव बरंच काही सांभाळून घ्यायचं. ती सोय संपली. कोच मात्र बरीच वर्षं जुन्याच वळणाने शिकवत राहिले.

दुसरीकडे जपानने १९९२ पासून नोबेयामाच्या शिबिरांत लहान मुली हेरल्या, त्यांची स्टार स्केटर माओ आसादा त्यातूनच पुढे आली. रशियाने तर कोवळ्या मुलींकडून चार फेऱ्यांच्या उड्या मारून घेतल्या. (त्याची किंमत त्या मुलींनी मोजली, तो वेगळा विषय.)

परिणाम असा, की २००६ च्या साशा कोहेनच्या रौप्यानंतर २०२२ पर्यंत अमेरिकेला महिला एकेरीत ऑलिम्पिक पदक नाही. आणि २०२५ चं विश्वविजेतेपद आणलं ते अलिसा लिऊने, सोळाव्या वर्षी निवृत्त होऊन, दोन वर्षं लांब राहून परतलेल्या मुलीने! यात अमेरिकी स्केटिंग संघटनेचं श्रेय किती, हे तुम्हीच सांगा.