शब्दचर्चा: ‘अ‍ॅक्वायर्ड सावाँ’ आणि ‘सिनेस्थेशिया’ यांना मराठी शब्द कोणते? (बोलणारे आपापल्या गावाच्या नावाने)

अमळनेर: डोक्याला मार लागल्यावर एखाद्याला अचानक गणित, चित्रकला किंवा संगीत जमू लागतं. अशा माणसाला इंग्रजीत ‘अ‍ॅक्वायर्ड सावाँ’ म्हणतात. या प्रकाराला ‘अर्जित विद्वत्ता’ म्हणावं का? आणि सिनेस्थेशियाला, म्हणजे एका जाणिवेसोबत दुसरी आपोआप जागते, जसं आकडा पाहून रंग दिसतो, त्याला ‘सहसंवेदना’?

जळगाव: दोन्ही नकोत. ‘अर्जित’मध्ये कमाई आहे. सातबाऱ्याच्या वादात जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, एवढंच विचारतात. ही देणगी दोन्हींत बसत नाही. अमेरिकेतल्या ऑर्लँडो सेरेलला १९७९ मध्ये, दहाव्या वर्षी, डोक्याला बेसबॉल लागला. नंतर तो तारखेवरून वार सांगू लागला, तोही आकडेमोड न करता. यात कष्ट कुठले? ‘सावाँ’ म्हणजे जाणता, पण ‘विद्वान’मध्ये अध्ययन येतं. (‘सावंत’ लिहू नका, आडनाव वाटतं.) इंग्रज डॉक्टर लँग्डन डाउनने १८८७ मध्ये ‘सावाँ’ला जोडलेला ‘इडियट’ (मूर्ख) तर केव्हाच गळला.

धुळे: ‘आगंतुक प्रतिभा’ घ्या. चरकसंहितेत व्याधी निज आणि आगंतु, म्हणजे आतून उपजलेले आणि बाहेरून आलेले. शिवाय न बोलावता आलेला पाहुणाही आगंतुकच.

जळगाव: शब्द देखणा आहे, पण अपुरा. अमेरिकेतले मेंदूचे डॉक्टर ब्रूस मिलर यांनी नोंदवलेले काही रुग्ण फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग झिजत जाणाऱ्या आजारात, चित्रं काढू लागले. तिथे मार नाही, झीज आहे. डाव्या कानशिलामागचा भाग खचला की त्याने दाबून ठेवलेलं काही मोकळं होतं, असा अंदाज. चरकाच्या हिशेबाने हे ‘निज’ ठरेल. म्हणून ‘जन्मोत्तर विशेषप्रतिभा’. रुक्ष आहे, पण ‘जन्मजात’च्या समोर नीट उभा राहतो.

भुसावळ: ‘सहसंवेदना’ वाचून लोकांना सहानुभूती वाटेल. ‘संवेदनसंकर’ बरा, कपाशीच्या संकरित वाणामुळे ‘संकर’ आपल्याकडे शेतातही कळतो. मात्र ‘गोड गळा’, ‘भडक रंग’ ही उदाहरणं देऊ नका. तो अलंकार आहे, गाणं ऐकून कुणाची जीभ गोड होत नाही. ‘भास’ही नको. भासाला बाहेरचं निमित्त लागत नाही, संकराला लागतं: ठरावीक आकडा, ठरावीक रंग.

धुळे: घरच्यांना अहिराणीत सांगताना पारिभाषिक शब्द बाजूला ठेवा. ‘डोकाले मार लागना, मंग आकडास्ना रंग दिसाले लागनात’ एवढं पुरतं. नाहीतर गावात ‘डोकं फिरलं’ ठरतं.

अमळनेर: आणि खरंखोटं कसं ओळखायचं?

भुसावळ: मुळाक्षरं आणि आकडे उलटसुलट क्रमाने विचारून प्रत्येकाचा रंग लिहून घ्या, ‘निळा’ नव्हे तर रंगपट्टीवरची नेमकी छटा. काही महिन्यांनी न सांगता तेच पुन्हा विचारा. खऱ्या संवेदनसंकरात बहुतेक छटा जुळतात, पाठ केलेल्या घसरतात. लोक पहिल्यांदाच ‘अमुक अक्षर लाल ना?’ असं विचारतात, तिथेच चाचणी बिघडते. वार सांगण्याला एवढा भाव देऊ नका. महिन्यांचे सांकेतिक अंक पाठ केले की कुणालाही जमतं, म्हणून वेग आणि रीत दोन्ही तपासा. आणि मारानंतर रंगीत ठिपके निमित्ताशिवाय, थोडा वेळ, एकाच बाजूला चमकत असतील, तर शब्द शोधत बसू नका. ती फिट असू शकते, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या.