"माझं लगीन सरकारनं लावलं" असं आजी म्हणायची. हे कोणतं सरकार?

नात_वाळव्याची

गेल्या मार्गशीर्षात माझी आजी गेली, आईची आई. 94 वर्षांची होती. माहेर आणि सासर दोन्ही वाळवा तालुक्यातलं. दिवसकार्य आटोपल्यावर मामीने तिची पत्र्याची ट्रंक उघडली. दोन इरकली लुगडी, आजोबांचा चष्मा, आणि तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला सुताचा हार. हाताने कातलेलं जाडंभरडं सूत, कुठे पीळ सुटलेला, कुठे तुटून परत गाठ मारलेली. एका जागी हळदीचा डाग आहे, अंगठ्याएवढा.

मामी म्हणाली, हा लग्नातला. लहानपणी आम्ही आजीला विचारायचो, तुझ्या लग्नात वाजंत्री होती का? ती म्हणायची, "कसली वाजंत्री! माझं लगीन सरकारनं लावलं. इंग्रजाच्या न्हवं, आपल्या." आम्हाला वाटायचं, रजिस्टर लग्न झालं असेल. पण तेव्हा तर इंग्रजांचंच राज्य होतं ना? आजी होती तोवर नीट विचारलं नाही, आता फार चुटपुट लागली आहे. कुणाला काही माहीत असेल तर सांगा. आणि हा हार कसा जपायचा तेही.

कृष्णाकाठचा_मास्तर

ताई, वाचता वाचता डोळे भरून आले. तुमच्या आजीचं लग्न गांधी पद्धतीचं होतं, आणि ते सरकार म्हणजे आमच्या साताऱ्याचं प्रति सरकार, इंग्रजांना न जुमानता भूमिगतांनी गावोगावी चालवलेलं. तेव्हा वाळवा, तासगाव हा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता.

मुळापासून सांगतो. 1942 च्या सप्टेंबरात इथं तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. 3 तारखेला तासगावला मामलेदार कचेरीवर तिरंगा लागला. 9 तारखेला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि आणखी आठ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे गोळीला बळी पडले. निशाण घेऊन रिकाम्या हाताने गेलेली माणसं होती ती. त्यानंतर मंडळी भूमिगत झाली आणि 1943 पासून गावोगावी स्वतःचा कारभार सुरू केला.

लोक गाड्या लुटल्याच्या गोष्टी सांगतात. त्या खऱ्याच आहेत. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊंच्या तुफान सेनेने, म्हणजे प्रति सरकारच्या लढाऊ दलाने, पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली. 14 एप्रिल 1944 ला तिकडे धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना घेतला, त्यात वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. पण माझ्या मते या सरकारचं खरं मोठेपण तुमच्या ट्रंकेत सापडलं. गावातला बांधाचा तंटा न्यायदान मंडळाने मिटवायचा, दारूची भट्टी बंद करायची, आणि लग्नापायी जमीन सावकाराच्या घरात जाऊ द्यायची नाही, हे त्यांनी केलं. हुंडा नाही, मानपान नाही, बँड नाही. वधू-वरांनी एकमेकांना सुताचे हार घालायचे, कुणी चार शब्द बोलायचं, झालं लग्न. बापूंनी स्वतःचं लग्नसुद्धा 1945 साली कुंडलला असंच केलं, विजयाताईंशी, डोक्यावर वॉरंट असताना.

याची मुळं जोतिरावांपर्यंत जातात. 1873 ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि भटजीवाचून लग्नं लागू लागली. ती हवा आमच्या भागात खोलवर मुरलेली होती. क्रांतिसिंह नाना पाटील त्याच मुशीतले. येडेमच्छिंद्रचा हा शेतकऱ्याचा पोर तलाठी होता, 1930 ला नोकरी सोडून चळवळीत उतरला. बोलायचे ते शिवारातल्या भाषेत, म्हणून लोकांना कळायचं.

माझे वडील तेव्हा दहा वर्षांचे. मळ्यातल्या आमच्या वस्तीवर रात्री भूमिगत माणसं जेवायला यायची. माझी आजी पाट्यावर खर्डा वाटायची, भाकरीची चवड दुरडीत ठेवायची. नावं विचारायची नाहीत, एवढी एकच ताकीद. वडलांचं काम म्हशी राखायचं. वाटेवर पोलीस दिसला की म्हस ओढ्याकडं हाकायची. वस्तीवरून ते दिसायचं आणि माणसं उसात शिरायची. वडील म्हातारपणी सांगायचे, "एकदा म्हस आडून बसली, हलंना. तेवढी भ्या मला पुन्हा कधी वाटली न्हाई."

रानजाई

मास्तरांनी छान सांगितलं. बायकांचं एक मला जोडायचंय. नानांची लेक हौसाताई. लहानपणीच आई गेली, वडील भूमिगत, सरकारने घर-जमीन जप्त केलेली. पुढे ती स्वतः या कामात उतरली. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एका साथीदाराने नवरा बनून तिला मारहाण करायचं सोंग केलं. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि मागून बाकीच्यांनी बंदुका पळवल्या. सोंग खरं वाटावं म्हणून त्याने खरोखरच मारलं होतं. हौसाताई सप्टेंबर 2021 मध्ये गेल्या. नात_वाळव्याची, तुमच्या आजीनेही काही केलं असेल. गावातल्या तिच्या वयाच्या बाईला जाऊन विचारा, लवकर.

माणदेशी

आमच्याकडे याला पत्री सरकारच म्हणतात. गुन्हेगाराच्या तळपायावर काठ्या मारायचे, म्हणजे पत्र्या ठोकायचे, म्हणून. मग प्रति की पत्री?

कृष्णाकाठचा_मास्तर

दोन्ही नावं लोकांच्या तोंडी आहेत. शिक्षा व्हायच्या, हे लपवायचं कारण नाही. गावगुंड, दरोडेखोर, पोलिसांचे खबरे यांना व्हायच्या. पण नुसतं 'पत्री' म्हटलं की तेवढी काठीच ध्यानात राहते आणि सुताचा हार विसरला जातो. म्हणून वर्गात मी कायम 'प्रति सरकार' असंच शिकवलं.

ताई, हार धुऊ नका, हळदीचा डाग तर मुळीच काढू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, दमट होतो. धुतलेल्या जुन्या मलमलीत सैल गुंडाळा, घडी घालू नका. वर्षातून एकदा सावलीत हवा दाखवा.

नात_वाळव्याची

मास्तर, रानजाई, तुमचे उपकार कसे फेडू! काल आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, आजी रोज निजताना दाराबाहेर पाण्याची कळशी आणि झाकलेली भाकरी ठेवायची. शेवटपर्यंत, फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरसुद्धा. आम्ही म्हणायचो, आजी, मांजर खाईल. ती म्हणायची, "खाऊ दे, पर राहू दे."

रविवारी गावी जातेय. आजीची एक जाऊ आहे अजून, 90 च्या पुढची. हार सोबत नेते.