‘व्हेज आहे का?’ विचारलं, ‘हो’ म्हणाले, तरी फसलो. फास्ट फूडमध्ये नेमकं विचारायचं काय?

फिरता_लेखापाल

नमस्कार मंडळी.

ऑडिटच्या कामामुळे महिन्यातले दहा-बारा दिवस मी गाडीत असतो. काम आटपून बाहेर पडेपर्यंत रात्रीचे साडेनऊ होतात आणि तेव्हा रस्त्यावर उघडं काय असतं, तर बर्गर, तळलेलं चिकन, नाहीतर पिझ्झा. मी पहिल्यापासून शाकाहारी. दूध, दही, चीज चालतं, अंडं नाही. लेक सहा महिन्यांपूर्वी वीगन झाली. पुढच्या महिन्यात ती आठ दिवस माझ्याबरोबर फिरायला येणार आहे. म्हणजे दूध, चीज आणि मधही बाद.

आता परवाचं सांगतो. एका मोठ्या साखळीच्या (नाव घेत नाही) काउंटरवर विचारलं, “पॅटी व्हेज आहे ना?” पोरगा म्हणाला, “हो, एकदम व्हेज.” भूक इतकी लागली होती की तिथेच उभ्या उभ्या खायला लागलो. आतलं सगळं दिसत होतं. त्याच पोराने जाळीची टोपली तेलातून वर काढली, दोनदा झटकली, चिकनचे तुकडे ट्रेमध्ये पालथे केले आणि त्याच टोपलीत पुढच्या गिऱ्हाइकाची व्हेज पॅटी टाकून पुन्हा तेलात सोडली. टोपलीच्या कोपऱ्यात आधीच्या चिकनचा चुरा तसाच चिकटलेला. माझ्या हातात उरलेला अर्धा बर्गर.

त्या पोराला मी काही बोललो नाही. तो खोटं बोलला असंही मला वाटत नाही. पण मग मी विचारायला काय हवं होतं? फ्रेंच फ्राइज तरी बिनधास्त खाता येतात का? आणि वीगन माणसाला फ्राइज आणि काळी कॉफी सोडून काही मिळतं का?

‘सॅलड खा’ असं कृपया सांगू नका. आठवड्यातून चार वेळा खातो. आणि मागच्या वेळी त्यावरच्या ड्रेसिंगमध्ये मासा निघाला.

---

पावसाळी_ढग

डबा न्या साहेब. प्रश्न मिटला.

---

फिरता_लेखापाल

आठ दिवसांचा?

---

माजी_तळणवाला

कॉलेजात असताना दोन वर्षं मी अशाच एका साखळीच्या किचनमध्ये संध्याकाळची पाळी केली आहे, बहुतेक वेळ फ्रायरवरच. त्यामुळे तुमचा तो पोरगा म्हणजे मीच समजा.

तुमचा प्रश्नच चुकला. ‘व्हेज आहे का’ म्हटलं की काउंटरवरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे येतं ते स्क्रीनवरचं बटण. पॅटी गोदामातून आली तेव्हा व्हेज होती, म्हणून तो ‘हो’ म्हणतो. पुढे तिचं काय होतं ते तुम्ही विचारलेलंच नसतं. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: कशात तळता, कशावर भाजता, वर काय लावता. अशा प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही. त्याला आठवावं तरी लागतं, नाहीतर आत जाऊन विचारावं लागतं.

आता तेल. आमच्याकडे फ्रायरचे चार कप्पे होते. एक फक्त फ्राइजचा, कारण त्यांचा खपच इतका की तो कप्पा दुसऱ्या कशाला मोकळा नसायचाच. दोन चिकनचे. चौथ्यात व्हेज पॅटी, कांद्याच्या रिंगा आणि चीजचं जे काही असेल ते. दुपारी बारा ते रात्री नऊ ही शिस्त पक्की असायची. पण दुकान बंद झाल्यावर प्रत्येक कप्पा रिकामा करायचा, तेल गाळायचं, आतून घासायचा आणि मगच घरी जायचं. म्हणून गर्दी ओसरली की साडेनऊच्या सुमारास आम्ही दोन कप्पे आधीच बंद करून धुवायला घ्यायचो. उरलेल्या दोनात मग जे येईल ते. म्हणजे त्याच दुकानात, त्याच माणसाने तळलेली तीच पॅटी दुपारी वेगळ्या तेलातली आणि रात्री चिकनच्या तेलातली. भिंतीवरच्या मेनूत हे कुठेच लिहिलेलं नसतं. तुम्ही जाता ती वेळच नेमकी वाईट. म्हणून प्रश्नात ‘आत्ता’ हा शब्द घाला. “आत्ता फ्राइजचं तेल वेगळं आहे का?”

ग्रिलचंही तसंच. बाहेर ‘वनस्पतीजन्य’ म्हणून मोठी पाटी असते आणि आत पॅटी बीफच्या शेजारी भाजली जाते. बर्गर किंगने अमेरिकेत 2019 मध्ये इम्पॉसिबल व्हॉपर हा वनस्पतीजन्य पॅटीचा बर्गर आणला तेव्हा यावरूनच एक खटला झाला. पॅटी सोयाची, पण भाजायची मशीन बीफचीच. मागितलं तर वेगळी शिजवून देतात, पण मागावं लागतं. शिवाय त्यात मेयो (मेयोनेज) असतो, म्हणजे अंडं. तेव्हा मागणं एक नाही, दोन.

मेयो ही तर खरी गोम. पॅटी, बन, टोमॅटो सगळं ठीक असतं आणि वरच्या एका पिचकारीत सगळं जातं. तोंडी सांगण्यावर विसंबू नका. बर्गर जुळवणाऱ्या माणसाला तुमचा आवाज ऐकू येत नाही, तो फक्त समोरची चिठ्ठी वाचतो. म्हणून ऑर्डर शक्यतो अ‍ॅपवर किंवा किऑस्कवर (दुकानातल्या ऑर्डरच्या टचस्क्रीनवर) द्या, ‘मेयो नको, चीज नको’ तिथेच दाबा आणि पावतीवर ते छापून आलंय ना बघा. पावतीवर नसेल तर बर्गरमध्येही ते झालेलं नसतं, हे लिहून घ्या.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. हातमोजे नवे घालून करा म्हटलं तर आम्हाला राग यायचा नाही. ऐन गर्दीत म्हटलं तर यायचा.

---

बारीक_अक्षर

मी नऊ वर्षं वीगन आहे आणि मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे साखळीवाल्यांचे तक्ते मला तोंडपाठ झालेत. तळणवाले दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं. त्यांनी आतलं सांगितलं, मी कागदावरचं सांगते.

काउंटरवर किंवा वेबसाइटवर अ‍ॅलर्जीचा तक्ता असतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये कायद्याने 14 अ‍ॅलर्जेन (अ‍ॅलर्जी करणारे पदार्थ) सांगावे लागतात. अमेरिकेत यादी 9 ची आहे, तीळ 2023 पासून त्यात आला. दूध आणि अंडं दोन्हीकडे आहे. म्हणजे लेकीच्या बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरं या एका तक्त्यात मिळतात. गंमत अशी की तुमची मिळत नाहीत! कोंबडी, गाय, डुक्कर हे अ‍ॅलर्जेनच नाहीत. सूपमधला चिकन स्टॉक, बीन्समधली डुकराची चरबी, मिठाईतलं जनावरांच्या हाडा-कातडीचं जिलेटिन, यातलं काहीच त्या तक्त्यात दिसणार नाही. त्यासाठी घटकांची पूर्ण यादी लागते. ती वेबसाइटवर वेगळ्या फाइलमध्ये असते आणि अक्षर एवढंसं असतं. (माझं नाव उगाच नाही ठेवलेलं.)

तुमच्या सॅलडमधला मासा बहुतेक सीझर ड्रेसिंगमधला असणार. त्यात अँकोव्ही घालतात. वूस्टरशर सॉसमध्येही तोच. आणि तुम्ही चीज खाता म्हणून सांगते, अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध घट्ट करणारा पाचक रस) जमवतात, नियमच आहे तसा. त्यामुळे काटेकोर शाकाहारी लोक ते टाळतात. तुम्ही काय ते ठरवा.

फ्राइज? कोणत्या देशात आहात त्यावर. मॅकडोनाल्ड्स अमेरिकेत बीफच्या चरबीत बटाटे तळायचं. 1990 मध्ये वनस्पती तेल आलं, पण चवीसाठी बीफचा अर्क राहिला. अनेक शाकाहारी लोक वर्षानुवर्षं समाधानाने खात होते. 2001 मध्ये खटला झाला, 2002 मध्ये कंपनीने माफी मागितली आणि तडजोडीत 1 कोटी डॉलर शाकाहारी, हिंदू वगैरे संस्थांना द्यायचं मान्य केलं. तिथल्या यादीत अजूनही ‘नॅचरल बीफ फ्लेवर’ आहे आणि त्यात दुधाचा अंश आहे, म्हणजे एकाच घासात तुम्ही दोघंही बाद. त्याच कंपनीचे ब्रिटनमधले फ्राइज मात्र वीगन आहेत. डबा तोच, नाव तेच. म्हणून ‘मी मागे एकदा खाल्ले होते’ या आठवणीवर दुसऱ्या देशात जाऊ नका.

‘प्लांट-बेस्ड’ म्हणजे वीगन नव्हे, हेही लेकीला सांगा, तिला माहीत नसेल तर. केएफसीने 2022 मध्ये अमेरिकेत बियॉन्ड कंपनीचं वनस्पतीजन्य ‘चिकन’ काढलं आणि स्वतःच सांगितलं की ते शाकाहारी किंवा वीगन पद्धतीने बनवलेलं नाही. ब्रिटनमध्ये बर्गर किंगच्या रेबेल व्हॉपर या वनस्पतीजन्य बर्गरच्या जाहिरातींवर 2020 मध्ये तिथल्या जाहिरात नियामकाने बंदी घातली. कारण तेच, बीफबरोबर भाजणं आणि अंड्याचा मेयो. याच्या उलट मॅकडोनाल्ड्सचा ब्रिटनमधला मॅकप्लांट. तो वेगळा शिजवतात आणि त्यावर वीगन प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्राचं चिन्ह शोधायचं, हिरवं पान नाही. हिरवं पान कोणीही छापतं.

आता पोटभर काय मिळेल ते. बर्गरवाल्यांपेक्षा बीन्सवाल्यांकडे, म्हणजे मेक्सिकन पद्धतीच्या साखळ्यांकडे जा. टाको बेलमध्ये ‘फ्रेस्को’ म्हटलं की चीज आणि क्रीम काढून टोमॅटो घालतात, आणि मांसाच्या जागी बीन्स मागता येतात. चिपोटलेत तर डोळ्यांसमोर वाडगा भरतात. भात, दोन्ही बीन्स, सोफ्रितास नावाचा टोफू, भाज्या, ग्वाकामोली (अ‍ॅव्होकॅडोची चटणी), सगळं वीगन. फक्त तिथल्या व्हिनेग्रेट नावाच्या ड्रेसिंगमध्ये मध असतो, लेक त्यातच फसेल. समोर बनवणाऱ्या सँडविचवाल्यांकडेही बरं पडतं, सुरी पुसून घ्या म्हणता येतं. पिझ्झा असेल तर चीज काढून भागत नाही, कणकेत दूध आहे का ते आधी बघा.

---

सरळ_बोलतो

एवढा छळ कशासाठी? मी वीगन आहे प्राण्यांसाठी. माझी पॅटी चिकनच्या तेलात तळली म्हणून एक कोंबडी जास्त मरत नाही. उलट काउंटरवर दहा प्रश्न विचारले की मागच्या रांगेतल्या माणसाला वाटतं, वीगन होणं म्हणजे डोकेदुखी. मी मेयो आणि चीज काढतो, बाकी बघत नाही.

---

बारीक_अक्षर

तुमच्यापुरतं ठीक. माझ्या मुलाला दुधाचा अंश गेला तर अंगावर गांधी उठतात. त्याच्यासाठी विचारते तेव्हा रांग थांबू दे.

---

माजी_तळणवाला

दोघांचंही बरोबर आहे, आणि लेखापाल साहेबांनी हेच आधी ठरवायला हवं. अ‍ॅलर्जी असेल तर ‘अ‍ॅलर्जी’ हाच शब्द वापरा. आमच्याकडे तो ऐकला की शिफ्ट मॅनेजर स्वतः यायचा. पण नसताना म्हणू नका. खोट्या अ‍ॅलर्जीवाल्यांमुळे पुढच्या खऱ्याकडे दुर्लक्ष होतं, हे मी पाहिलंय. साहेब, लेकीला एकच विचारा: तेल एक असलं तर चालेल का?

---

फिरता_लेखापाल

विचारलं. फोनवर हसत बसली.

ती म्हणाली, “बाबा, तेलाचं मला काही नाही. मेयो, चीज, दूध नको, एवढंच.” म्हणजे सरळ_बोलतो यांच्याच पंथातली. मी म्हटलं, अगं, चिकनच्या तेलात? तर म्हणे, “तुम्हाला किळस येते, मला राग येतो. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.” सहा महिने आम्ही दोघं ‘आपलं एकच’ असं समजून चाललो होतो. आता कळतंय की तिला चालणारा बर्गर मला चालत नाही आणि मला चालणारा तिला. ऑडिटमध्ये असली तफावत निघाली असती तर मी लाल शाईने गोल केला असता.

काल रात्री तळणवाल्या दादांचा प्रश्न करून पाहिला. पावणेदहा वाजले होते. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, “फ्राइजचं तेल आत्ता वेगळं आहे का?” ती आधी ‘हो’ म्हणणारच होती, तोंड उघडलंही होतं. मग थांबली, आत गेली, फ्रायरवरच्या मुलाशी काहीतरी बोलली आणि परत येऊन म्हणाली, “आत्ता नाही. मघाशीच एक बंद केला. साडेआठपर्यंत आलात तर असतो.” मी आभार मानून बीन्सचा रोल घेतला, चीज ठेवून, मेयो काढून. पावतीवर ‘मेयो नको’ छापलेलं होतं. तरी आधी उघडून पाहिला.

पावसाळी_ढग, डब्याचं म्हणाल तर गाडीत शेंगदाणे ठेवले आहेत.

बारीक_अक्षर ताई, एक राहिलंच. तिला सकाळी कॉफी लागते. ओटच्या दुधाची घेतली तर वरच्या सिरपमध्ये काही असतं का?

---

बारीक_अक्षर

पातळ सिरपं बरीचशी निव्वळ साखर-पाणी असतात. घट्ट ‘सॉस’ म्हणतात त्यात, कॅरॅमल आणि व्हाइट चॉकलेटमध्ये, बऱ्याचदा दूध असतं. वर क्रीम नको म्हणायला विसरू नका. आणि दूध फेसायची नळी आधी पुसायला सांगू का, हे लेकीलाच विचारा. तुमच्या अंदाजावर जाऊ नका.