व्हिसा संपत आलेल्या अफगाण विद्यार्थिनीला भारतात संरक्षण कसं मिळेल?

मेघना_पुणे
पुण्यात एमएस्सी करणाऱ्या एका अफगाण मुलीचा व्हिसा दोन महिन्यांत संपतोय. वडील तालिबानच्या आधीच्या सरकारात नोकरीला होते, त्यामुळे परत जाणं धोक्याचं आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. मग तिला आधार कशाचा, आणि सुरुवात कुठून करायची?

पानसुपारी
व्हिसा चालू असतानाच ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज टाका. कॉलेजचं बोनाफाईड आणि पत्त्याचा पुरावा आधीच तयार ठेवा. मुदत उलटली की ती कायद्याच्या लेखी निव्वळ बेकायदा राहणारी परदेशी ठरते. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यातही निर्वासिताची व्याख्या नाही.

सोबतच यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या) दिल्ली कार्यालयात नोंदणी करा. ती मोफत असते, एजंटला एक रुपयाही देऊ नका. ‘तू तर शिकायला आलीस, पळून नाही’ या शंकेने अडू नका. देश सोडल्यावर धोका निर्माण झाला तरी निर्वासित दर्जा मागता येतो.

दस्तऐवज
यूएनएचसीआरच्या मुलाखतीत घोळ होतो तो तारखांचा. अफगाण कागदांवर हिजरी सौर सन असतो: २४ असद १४०० म्हणजे १५ ऑगस्ट २०२१. जुन्या तझकिऱ्यावर (अफगाण ओळखपत्रावर) बरेचदा जन्मतारीख नसतेच, ‘अमुक साली वय इतकं’ एवढंच लिहिलेलं असतं. नोंदणीत एक तारीख आणि मुलाखतीत दुसरी आली की सगळी हकिकतच संशयास्पद वाटते. म्हणून दोन्ही सन शेजारी लिहून एकच तक्ता करा आणि सगळीकडे तोच वापरा.

‘तिकडे परिस्थिती वाईट आहे’ एवढ्याने भागत नाही. वडील कोणत्या खात्यात होते, धमकी कोणी, कधी, कुणाला दिली, हे सांगावं लागतं. मुलगी असणं हाही आधार आहेच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ ला म्हटलं की अफगाण स्त्रीच्या बाबतीत लिंग आणि नागरिकत्व एवढं पाहणं पुरेसं ठरू शकतं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी आहे. दरी किंवा पश्तो दुभाषी आणि स्त्री अधिकारी हवी असेल तर आधीच कळवा.

कलम२१
यूएनएचसीआरचं कार्ड मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका. ते हद्दपारी आपोआप थांबवत नाही. ताब्यात घेतलं तर त्याच दिवशी राज्यघटनेच्या कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट लावा. कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, परदेशी व्यक्तीलाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली चकमा निर्वासितांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. मे २०२१ मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना यूएनएचसीआरकडे जाण्यासाठी दिल्लीपर्यंत सुरक्षित वाट दिली, तो निकाल जरूर जोडा.

सरकारी बाजूकडून सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२१ चा रोहिंग्या आदेश येईलच. त्यात हद्दपारीविरुद्ध अंतरिम दिलासा नाकारलाय, पण विहित प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नये असंही म्हटलंय. तेवढं वाक्य घट्ट धरा.

मेघना_पुणे
पासपोर्टही संपतोय. अफगाण वकिलातीत नूतनीकरण केलं तर निर्वासित दर्जाचा दावा बुडेल का?

दस्तऐवज
आपोआप नाही, पण ज्या देशाची भीती आहे त्याच्याच वकिलातीत का गेलीस, हा प्रश्न नक्की विचारतील. नूतनीकरण फक्त व्हिसासाठी लागत असेल तर एफआरआरओची ती मागणी आधी लेखी घ्या आणि यूएनएचसीआरच्या फाइलला लावा.