मायक्रोसर्व्हिसेसचा अनुभव नाही, इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर

सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या समितीला विनंती करून हे पत्र नावाशिवाय पाठवतोय. गेल्या महिन्यात नोकरी गेली. मी अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, म्हणजे दुसरी नोकरी शोधायला ६० दिवसांची मुदत, त्यातले २३ संपले. मुलगी पहिलीत आहे. वर्ष अर्धवट टाकून तिला परत न्यायची वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे.

एका मोठ्या कंपनीच्या फेऱ्या तीन आठवड्यांनी ठरल्या आहेत. कोडिंगचा सराव रोज चालू आहे. धास्ती आहे ती सिस्टिम डिझाइनची, म्हणजे मोठी यंत्रणा कशी बांधाल ते फळ्यावर मांडायच्या फेरीची. मी ११ वर्षं एकाच प्रॉडक्टवर काढली: गोदामातला माल आणि ऑर्डरी सांभाळणारं जावाचं एक मोठं अ‍ॅप्लिकेशन, ज्याला मोनोलिथ म्हणतात, खाली एकच ओरॅकल डेटाबेस. मायक्रोसर्व्हिसेस (एक मोठं काम छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये वाटणं), काफ्का (त्यांच्यात निरोप पोचवणारं), कुबरनेटीस (त्या चालू ठेवणारं) यातलं काहीच कधी हाताखालून गेलं नाही. रिक्रूटरने फोनवर नेमकं तेच विचारलं आणि माझी गाळण उडाली.

एक मित्र म्हणतो, रेझ्युमेवर ‘मोनोलिथ फोडून मायक्रोसर्व्हिसेस केल्या’ असं लिहून टाक, कोण बघतंय. मन धजत नाही. इतक्या कमी दिवसांत सुरुवात कुठून करू?

आपला,
एक सभासद

मंगळवार, सकाळी ६:१५

नमस्कार,

ते खोटं लिहू नका. मी नऊ वर्षं या फेऱ्या घेतल्या आहेत. तसं लिहिलेलं दिसलं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पहिली कुठली सर्व्हिस बाहेर काढलीत, आणि तीच का? जुना आणि नवा कोड दोन्ही चालू होते तेव्हा डेटा कुणाच्या ताब्यात होता? ज्याने हे केलंय तो यावर बोलायला लागला की थांबत नाही. ज्याने केलेलं नाही तो दुसऱ्या वाक्याला अडकतो, आणि मग त्याच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो.

तुमचंच अ‍ॅप्लिकेशन घ्या. ऑर्डर आली की गोदामातला नग राखून ठेवायचा, पैसे कापायचे, पाठवणीची नोंद करायची. तुमच्याकडे ही तिन्ही कामं बहुतेक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होत असणार, म्हणजे झाली तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. मध्ये काही फसलं की रोलबॅक, सगळं पूर्ववत. आज वही घ्या आणि त्या तीन कामांमध्ये रेघा मारा. तीन सर्व्हिसेस, तीन डेटाबेस. पैशांच्या सर्व्हिसला विनंती गेली आणि दोन सेकंदांत उत्तर आलं नाही. पैसे कापले गेले का? सांगता येत नाही. पुन्हा पाठवली तर गिऱ्हाइकाचे दोनदा कापले जातील. म्हणून प्रत्येक ऑर्डरसोबत एक किल्ली पाठवायची; तीच किल्ली दुसऱ्यांदा आली की पैशांच्या सर्व्हिसने नवं काही न करता आधीचंच उत्तर द्यायचं. आयडेम्पोटन्सी म्हणतात ती हीच.

आता पैसे कापले गेले, पण माल खराब निघाला, पाठवणी होऊच शकत नाही. रोलबॅक करता येत नाही, कारण पहिल्या दोन डेटाबेसमधल्या नोंदी केव्हाच कमिट, म्हणजे कायम झाल्यात. मग उलटी कामं करायची: पैसे परत, नगाची नोंद दुरुस्त. याला सागा म्हणतात. हा विचार गार्सिया-मोलिना आणि सेलम यांनी १९८७ मध्ये मांडला, तोही डेटाबेसमधल्या लांबलचक ट्रान्झॅक्शनसाठी. लुईस आणि फाउलर यांचा मायक्रोसर्व्हिसेसवरचा गाजलेला लेख २०१४ चा. म्हणजे यातलं बरंचसं ज्ञान तुमच्याच गल्लीतलं आहे, पाटी तेवढी नवी.

दुसरं म्हणजे, फळ्यावर सर्व्हिसेसचे चौकोन काढायच्या आधी आकडा काढा. दिवसाला १० लाख ऑर्डरी म्हटलं की छाती दडपते. दिवसाचे सेकंद ८६,४००. सरासरी सेकंदाला १२ ऑर्डरी पडतात. गर्दीच्या दिवसांत दहापट धरली तरी १२०. नीट बांधलेला एक डेटाबेस एवढं पेलतो. हे फळ्यावर मांडून ‘इथे मी एकच अ‍ॅप्लिकेशन ठेवेन, आणि अमुक झालं तर अमुक भाग वेगळा काढेन’ असं म्हणणाऱ्याला मी कधी नापास केलेलं नाही.

— मंडळाच्या ग्रंथालयात बसते ती ताई, सनीव्हेल

मंगळवार, दुपारी १:०५

ताईंचं सगळं पटलं, एक सोडून. ‘एकच ठेवेन’ म्हणून थांबलात तर काही इंटरव्ह्यू घेणारे समजतील की याला पुढचं येत नाही. ‘अमुक झालं तर’ यातलं अमुक तोंडावर हवं. नेटफ्लिक्सचा डेटाबेस २००८ मध्ये बिघडला आणि तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तिथून त्यांनी मोनोलिथचे तुकडे करत क्लाउडवर जायला घेतलं, ते काम जानेवारी २०१६ मध्ये संपलं. उलट २०२३ मध्ये प्राइम व्हिडिओच्या एका टीमने व्हिडिओचा दर्जा तपासणारी यंत्रणा तुकड्यांतून एकत्र आणली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. दोन्ही गोष्टी कारणांसकट सांगता आल्या पाहिजेत.

आणि नुसतं वाचू नका. लॅपटॉपवर दोन छोट्या सर्व्हिसेस लिहा, डॉकरमध्ये (प्रत्येक सर्व्हिस वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) चालवा, मधेच एक बंद करा आणि लॉग, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या नोंदी, बघा. दोन संध्याकाळचं काम आहे. शनिवारी चारला घरी या, मी पाऊण तास घड्याळ लावून फेरी घेतो.

— फ्रीमाँटचे काका

गुरुवार, रात्री ११:३०

ताई, काका,

दोन सर्व्हिसेस लिहिल्या. पैशांची सर्व्हिस नोंद झाल्यावर पण उत्तर द्यायच्या आधी बंद पाडली. ऑर्डरच्या सर्व्हिसने तीनदा विनंती पाठवली आणि टेबलात एकाच ऑर्डरच्या तीन नोंदी आल्या. ते डोळ्यांनी बघितल्यावर मग किल्ली घातली, त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (तीच किल्ली दोनदा नोंदू न देणारा) लावला, पुन्हा पाडून बघितलं. एकच नोंद.

आणि एक आठवलं. काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात आमच्याकडे शेवटचा एकच नग दोन गिऱ्हाइकांना विकला गेला होता. दोन विनंत्यांनी एकाच क्षणी शिल्लक वाचली, दोघींना १ दिसला. मी रात्री दोन वाजता ती ओळ शोधून तिथे लॉक घातला होता, म्हणजे एका वेळी एकच विनंती आत. याला अनुभव म्हणायचं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. रिक्रूटरला काल खरं काय ते लिहून टाकलं: मोनोलिथ, ११ वर्षं, हा किस्सा. तिचं उत्तर आलं, फेऱ्या ठरल्याप्रमाणे होतील.

काका, शनिवारी चारला येतो. घरी फळा आहे का, की मुलीचा घेऊन येऊ?